वर्ष खरेच वाया जाते का?

प्रवेशाची यादी लागते. तुम्ही ती वरून खाली वाचता, मग खालून वर वाचता, आणि तुमचे नाव त्यात नसते. त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलत नाही. दोन-चार दिवसांनी मात्र कोणीतरी ते वाक्य उच्चारतेच, "पोराचे एक वर्ष वाया गेले." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याचे वर्ष असते त्याच्या कानात ते वाक्य बारा महिने राहते.

मग प्रश्न येतो, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा का? आई म्हणते, जे मिळते आहे ते घे. मित्र म्हणतात, एक ड्रॉप सगळेच घेतात. क्लासवाले तर पुढच्या वर्षाची फी सांगूनच फोन ठेवतात. या सगळ्या आवाजांत तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो.

या लेखात मला तुमच्याशी याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे, पण कोणता कोर्स घ्यावा या दृष्टीने नव्हे. नकार मिळाल्यावर पुन्हा त्याच दाराशी जाणे ही चिकाटी आहे की हट्ट, हे कसे ओळखायचे? बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. चिकाटी असलेला आणि हट्टी, दोघेही तोच अर्ज भरतात, तीच पुस्तके उघडतात, पहाटे त्याच वेळी उठतात. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला की लोक म्हणतात, "काय चिकाटी आहे!" नाही मिळाला तर तेच लोक म्हणतात, "हट्टी आहे, कोणाचे ऐकत नाही." म्हणजे आपण आधी निकाल पाहतो आणि मग गुणाला नाव देतो. हे मला बरोबर वाटत नाही. का, ते दोन माणसांच्या गोष्टींतून पाहू.

नकार काय सांगतो आणि काय सांगत नाही

त्याआधी नकाराकडे नीट पाहू. आपली भाषा इथे थोडी कठोर आहे. "अर्ज नामंजूर झाला" म्हटले तर अर्जाचे काहीतरी झाले. "तो नापास झाला" म्हटले तर माणसाचेच काहीतरी झाले. एका विषयाच्या एका पेपरात गुण कमी पडले, एवढीच घटना असते. पण शब्द असा आहे की तो थेट माणसाला चिकटतो, आणि मग तो माणूसही स्वतःला त्याच शब्दाने ओळखू लागतो.

थोडा हिशोब मांडू. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलामुलींनी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली. देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीस-एकवीस जणांमागे एक जागा. उरलेले सगळे अपात्र होते असे कोण म्हणेल? दारातून एका वेळी किती माणसे आत येऊ शकतात, एवढेच तो आकडा सांगतो. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाची योग्यता तो सांगत नाही.

पण म्हणून प्रत्येक नकार अन्यायच असतो, असेही समजू नका. कधी जागाच कमी असतात. कधी आपली तयारी खरोखर अपुरी असते. आणि कधी आपली प्रकृती आणि त्या परीक्षेची मागणी यांचा मेळच बसत नाही. हे तीन वेगळे नकार आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. पहिल्याला बहुधा पुन्हा एकदा प्रयत्न हे उत्तर असते. दुसऱ्याला वेगळ्या पद्धतीने अभ्यास हे उत्तर असते. तिसऱ्याला कदाचित वेगळे दार. आपल्याला यातला कोणता नकार मिळाला आहे हे न पाहता पुन्हा अर्ज भरणे म्हणजे डोळे मिटून त्याच वाटेवर धावणे.

मुरूडचा मुलगा

धोंडो केशव कर्वे यांना आपण महर्षी म्हणून ओळखतो. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य देणारे, १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू करणारे, १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी 'भारतरत्न' मिळालेले. पण त्यांच्या शिक्षणाच्या सुरुवातीलाच एक नकार आहे.

कोकणातल्या मुरूड गावातून, १८७५ च्या सुमारास, ते आणि त्यांचे सोबती एका सार्वजनिक परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. रस्ता सह्याद्री ओलांडून जाणारा, अंतर शंभर मैलांहून अधिक, आणि सगळे पायी. घाटातून, पावसातून चालत ती मुले साताऱ्याला पोचली. परीक्षेला बसायला सतरा वर्षे पूर्ण हवी होती. धोंडोंची ती झालेली होती. पण अंगकाठी लहान. परीक्षा समितीच्या प्रमुखांना हा मुलगा सतराचा वाटेना, आणि त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. इतके चालून आलेला मुलगा पेपर न देता परत फिरला.

पुढच्या वर्षी कर्व्यांनी कोल्हापूरहून तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. पुढे १८८१ साली मॅट्रिक, १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. आणि १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक.

इथे नकार कोणत्या प्रकारचा होता? तयारी कमी नव्हती, कल चुकलेला नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ते लहान दिसले, एवढेच. अशा नकाराला फक्त एक वर्ष आणि दुसरे गाव पुरेसे होते. ते मधले वर्ष वाया गेले असे कर्व्यांविषयी आज कोणीच म्हणत नाही. पण १८७५ साली मुरूडमध्ये म्हणणारे कोणी नसेल का?

मद्रासचा नापास विद्यार्थी

ही गोष्ट इथेच थांबली तर तिचे तात्पर्य सोपे आहे: पुन्हा प्रयत्न करा, यश मिळेल. पण हे तात्पर्य अपुरे आहे. म्हणून दुसरी गोष्ट सांगायला हवी, आणि ती मी राहते त्या शहरातली आहे. मी चेन्नईत वाणिज्य शाखेत शिकते आणि सेवा म्हणून लेखांचे मराठी भाषांतर करते. या शहरात प्रवेश, परीक्षा आणि नकार यांविषयी बोलायचे तर एक नाव टाळताच येत नाही. श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा. वडील कुंभकोणमला कापडाच्या दुकानात कारकून. १९०४ साली मुलगा शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेला. मन मात्र गणिताखेरीज दुसऱ्या कशातच लागेना. इंग्रजीत गुण पडले नाहीत आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ च्या ऑगस्टमध्ये हा मुलगा घरी न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेला. शिष्यवृत्ती गेल्याची लाज सतरा वर्षांच्या मुलाला घराबाहेर काढू शकते, हे शंभर वर्षांपूर्वीही खरे होते.

१९०६ साली त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी मद्रासमध्ये, पच्चैयप्पा कॉलेजात. तब्येत बिघडली, शिक्षणात खंड पडला. त्या वर्षीच्या फर्स्ट आर्ट्स परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. १९०७ मध्ये खाजगी विद्यार्थी म्हणून पुन्हा बसला, पुन्हा अनुत्तीर्ण. गणित उत्तम होते, पण शरीरशास्त्रासारखे विषय काही केल्या जमले नाहीत. ही परीक्षा मद्रास विद्यापीठाची. १८५७ साली मुंबई आणि कलकत्त्याबरोबर स्थापन झालेले हे विद्यापीठ. त्याच्या नियमाप्रमाणे ही पहिली पायरी ओलांडल्याशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय पुढचे काहीच नाही.

इथे कर्व्यांच्या गोष्टीशी तुलना करून पाहा. कर्वे त्याच परीक्षेला पुन्हा गेले आणि दार उघडले. रामानुजन नव्याने गेले, पुन्हा गेले, आणि दार बंदच राहिले. निकालावरूनच नाव द्यायचे तर एकाला चिकाटी म्हणावे लागेल आणि दुसऱ्याला हट्ट.

पण त्यानंतरच्या वर्षांत काय झाले ते पाहा. १९०७ ते १९१० या काळात रामानुजन यांच्याकडे कॉलेज नव्हते, नोकरी नव्हती, धड पैसेही नव्हते. १९०९ साली लग्न झाले, जबाबदारी वाढली. कागद महाग, म्हणून गणिते पाटीवर करायची, कोपराने पुसायची आणि उत्तर तेवढे वहीत उतरवायचे. त्या वह्या भरत गेल्या. कोणी परीक्षा घेणार नव्हते, कोणी गुण देणार नव्हते, तरी काम एका दिवसासाठी थांबवावे असे त्यांना वाटले नाही.

१९१० साली ते वही घेऊन व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर हे डेप्युटी कलेक्टर आणि १९०७ साली सुरू झालेल्या भारतीय गणित संस्थेचे संस्थापक. या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते, म्हणजे कर्वे जिथे गणित शिकवत होते तिथेच. रामानुजन कारकुनाची जागा मागायला गेले होते. अय्यरांनी वही पाहिली आणि नोकरीऐवजी मद्रासच्या जाणकारांसाठी परिचयाची पत्रे दिली. त्या पत्रांनी पुढे नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांचे दार उघडले. त्यांनी काही काळ दरमहा मदत केली. १९११ साली संस्थेच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला शोधलेख छापून आला. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशोब खात्यात दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे त्या खात्याचा विचार मनात येतोच. दिवसभर बंदराच्या जमा-खर्चाची बेरीज, आणि उरलेल्या वेळात अनंत श्रेणींची. तिथले वरिष्ठ एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. त्यांनी या कारकुनाला ओळखले आणि सांभाळले.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. त्याआधी तिथल्याच आणखी दोन गणितज्ञांकडून काही हाती लागले नव्हते. हार्डींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपण पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून आहोत आणि आपले विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे आधीच सांगून टाकले. काही लपवले नाही, काही सजवले नाही. सोबत काम जोडले.

पुढचे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्यातला एक भाग फारसा सांगितला जात नाही. हार्डींचे उत्तर आले. वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले असताना त्यांनी वही पाहून विद्यापीठाला शिफारस केली. संशोधनाची शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी होती. रामानुजन पहिल्या परीक्षेतही उत्तीर्ण नव्हते. तरीही विद्यापीठाने अपवाद केला आणि मे १९१३ पासून त्यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले होते, त्याच विद्यापीठाने त्यांना संशोधक म्हणून आत घेतले. आज त्याच विद्यापीठात त्यांच्या नावाची गणित संस्था आहे.

मार्च १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. १९१६ साली केंब्रिजची पदवी, १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, मद्रासमध्येच निधन.

"पण सगळेच रामानुजन नसतात"

हे वाक्य तुमच्या मनात आले असेल, आणि ते खरे आहे. मोठ्या माणसांच्या अपयशाच्या गोष्टी सांगण्यात एक धोका असतो. ज्यांना शेवटी यश मिळाले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. दोनदा नापास होऊन नंतर कुठेच न पोचलेले त्या काळातही असंख्य असतील, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. म्हणून "रामानुजनही नापास झाले होते, तूही मोठा होशील" असे कोणाला सांगू नका. ते खोटे आश्वासन आहे.

रामानुजनकडून घ्यायचे ते वेगळे आहे. १९१० साली, कोणालाही काहीच ठाऊक नसताना, त्या तीन वर्षांविषयी काय म्हणता आले असते? हार्डींचे पत्र कधी आलेच नसते तर त्या वह्या खोट्या ठरल्या असत्या का? नाही. गणित बरोबर होते आणि ते त्यांना झालेले होते. मान्यता उशिरा आली म्हणून त्याची किंमत वाढली नाही, आणि आली नसती म्हणून कमीही झाली नसती.

हिशोबाच्या भाषेत सांगायचे तर खर्च दोन प्रकारचा असतो. एक, जो झाला की संपला. दुसरा, ज्यातून काहीतरी उभे राहते आणि ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते. वर्षाचेही तसेच आहे. प्रवेश मिळाला नाही म्हणून वर्ष आपोआप पहिल्या रकान्यात जात नाही. त्या वर्षातून तुमच्यात काय उभे राहिले, यावर ते ठरते. वर्ष वाया जाऊ शकते, हे मी नाकारत नाही. प्रवेश मिळूनही वर्षे वाया जातात. पण ते यादीत नाव नसल्यामुळे जात नाही.

हिशोबाची आणखी एक शिकवण इथे कामाला येते. जो पैसा आधीच गेला आहे, तो पुढच्या निर्णयाचे कारण होऊ शकत नाही. "एवढे एक वर्ष घातले, म्हणून आता आणखी एक घालायलाच हवे," असे मनात आले तर थांबा. गेलेले वर्ष परत मिळवण्यासाठी दिलेले वर्ष बहुधा हट्टाचे असते. पुढे काही शिकायचे आहे म्हणून दिलेले वर्ष चिकाटीचे असते.

योग सुटलेल्या माणसाचे काय होते?

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन दोन प्रश्न विचारतो. पहिला असा की मन इतके चंचल आहे, ते आवरायचे कसे? श्रीकृष्ण उत्तर देतात, अभ्यासाने आणि वैराग्याने. दुसरा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. ज्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला आणि वाट मध्येच सुटली, त्याचे काय होते? तो ना इकडचा ना तिकडचा, असा नष्ट होतो का?

यादीबाहेर राहिलेल्या प्रत्येक मुलाचा हा प्रश्न आहे. अर्थात गीता इथे कॉलेजच्या प्रवेशाविषयी बोलत नाही, साधनेविषयी बोलते. पण उत्तरातला धीर सगळीकडे लागू पडतो. चांगल्या हेतूने केलेला प्रयत्न नष्ट होत नाही. माणूस पुन्हा सुरू करतो तेव्हा तो शून्यापासून करत नाही. आधी मिळवलेली समज त्याच्याबरोबर येते आणि तीच त्याला पुढे ओढते.

अभ्यास आणि वैराग्य या जोडीचाही आपण कधीकधी सोयीचा अर्थ लावतो. नकार मिळाल्यावर "मला तसेही ते कॉलेज नकोच होते" म्हणणे हे वैराग्य नव्हे. हवे होते, मिळाले नाही, दुःख झाले, हे मान्य करणे त्याहून जास्त प्रामाणिक आहे. आणि "फळाची अपेक्षा ठेवू नये" म्हणून अर्जाची तारीखच चुकवणे हा निष्काम कर्मयोग नव्हे, आळस आहे. अर्ज पूर्ण काळजीने भरावा, अभ्यास पूर्ण जोर लावून करावा. यादी लागेल तेव्हा ती आपल्याविषयीचा शेवटचा निवाडा आहे असे मात्र मानू नये. काम घट्ट धरायचे, निकाल सैल धरायचा. सांगायला हे सोपे आहे, करायला नाही. म्हणूनच त्याला अभ्यास म्हणतात, तो रोज करावा लागतो.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

तर मग पुन्हा अर्ज करावा का? याचे एकच उत्तर सगळ्यांना देता येणार नाही. पण तीन प्रश्न तुम्ही स्वतःला विचारू शकता. शक्यतो कागदावर लिहून, आणि कोणाला दाखवायचे नाही असे ठरवून.

पहिला प्रश्न: मला तो विषय हवा आहे की त्या संस्थेचे नाव? पारख सोपी आहे. तोच विषय कमी नावाच्या कॉलेजात, किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, किंवा इग्नूमधून शिकायला मिळाला तर मन थोडे तरी हलके होते का? होत असेल, तर तुमची ओढ विषयाची आहे, आणि तिला एकाहून अधिक वाटा आहेत. अजिबात होत नसेल, तर तुम्हाला नेमके काय हवे आहे ते पुन्हा पाहा. नाव हवेसे वाटणे हा गुन्हा नाही. पण त्यासाठी एक वर्ष द्यायचे तर ते जाणून द्यावे.

दुसरा प्रश्न: या वेळी वेगळे काय असेल? "जास्त अभ्यास करीन" हे उत्तर पुरेसे नाही. कोणता विषय, कोणती उणीव, कोणाची मदत? रामानुजन यांना फर्स्ट आर्ट्सचे दार दुसऱ्यांदाही उघडले नाही, कारण दुसऱ्यांदाही शरीरशास्त्र तसेच राहिले होते. त्यांचा मार्ग निघाला तो वह्या घेऊन माणसांकडे गेल्यावर. काहींनी मदत केली, काहींनी केली नाही, पण ते खोलीत एकटे बसून राहिले नाहीत. ड्रॉपच्या वर्षात सर्वांत मोठा धोका एकटेपणाचा असतो. मित्र पुढच्या वर्गात गेलेले, फोनवर बोलायला संकोच, घरात नजर चुकवणे. म्हणून दिवसातला एक तास तरी माणसांत घालवा. सेवेचे काम घ्या, लहान मुलांना शिकवा, कुठे अर्धवेळ काम करा. आणि मन फारच खचत असेल, जगणे नको वाटत असेल, तर आजच घरात कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. मदत मागणे हाही प्रयत्नच आहे.

तिसरा प्रश्न: या वर्षाचा भार कोण उचलणार, आणि किती वेळा? वर्ष तुमचे असते, पण त्याचा खर्च बहुधा दुसऱ्याचा असतो. कोणी वडिलांचे ओव्हरटाइम, कोणी आईचे दागिने, कोणी धाकट्या बहिणीचे मागे पडलेले शिक्षण. हे घरात मोकळेपणाने बोला आणि मर्यादा आधीच ठरवा. एकदा की दोनदा? त्यानंतर काय? माझ्या मते चिकाटी आणि हट्ट ओळखण्याची सर्वांत सोपी खूण इथेच आहे. चिकाटीला आपली मर्यादा आधी सांगता येते. हट्टाला ती कधीच सांगता येत नाही, त्याचे "अजून एकदा" संपत नाही. आणि घरची परिस्थिती एक वर्षही देऊ शकत नसेल, म्हणून कोणी मिळेल तो कोर्स घेऊन पुढे गेले, तर त्याने हार मानली असे कोणी म्हणू नये. तोही एक पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय आहे, आणि कधीकधी जास्त कठीण.

पालकांसाठी दोन शब्द

हा लेख वाचणाऱ्यांत आई-वडील असतील. तुमची काळजी खरी आहे आणि तुमचा पैसाही कष्टाचा आहे. मुलाला हवे ते सगळे द्या, असे मी म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी. "वर्ष वाया गेले" हे वाक्य घरात उच्चारू नका, कारण तुम्ही ते म्हटले की मूल ते मानते. आणि पाहुण्यांनी "सध्या काय करतो?" विचारले की उत्तर द्यायची घाई करू नका, ते मुलाला देऊ द्या. तो काय करतो आहे हे त्याला अभिमानाने सांगता येईल असे त्याचे दिवस असावेत, याला मदत करा.

कोऱ्या जागेत काय लिहाल?

महाराष्ट्रात अशा वर्षानंतर प्रवेश घ्यायला गेलात की बऱ्याच कॉलेजांत 'गॅप सर्टिफिकेट' मागतात. शपथपूर्वक लिहून द्यायचे की अमुक काळात माझ्या शिक्षणात खंड पडला आणि त्या काळात मी कोणत्याही संस्थेत शिकत नव्हतो. भाषांतराच्या कामामुळे मला 'खंड' या शब्दाकडे पाहायची सवय लागली आहे. मराठीत खंड म्हणजे मध्ये पडलेली तूट, आणि खंड म्हणजे ग्रंथाचा एक भागही. पहिला खंड संपतो, दुसरा सुरू होतो, आणि ग्रंथ एकच राहतो.

तो कागद तुम्ही त्या वर्षी कुठे नव्हता, एवढेच नोंदवतो. ते खरे आहे, त्यावर निःशंकपणे सही करा. तुम्ही कुठे होता, काय शिकलात, कोणाच्या उपयोगी पडलात, आणि मिळाले नाही तरी काय सोडले नाही, हे विचारायला त्यात रकाना नाही. ते उत्तर तुम्हालाच तयार ठेवायचे आहे. ते तयार असेल, तर पुन्हा अर्ज करा किंवा करू नका, तुमचे वर्ष वाया गेलेले नाही.